मे महिन्यात गोडाचं ताट का वाहतं?

प्रश्न: मेच्या तिसऱ्या शनिवारी आई-बाबांच्या लग्नाचा 40वा वाढदिवस आहे. नाशिकला घराच्या गच्चीवर, संध्याकाळी 7 ते 10. माणसं 40, त्यात 12 मुलं. जेवण बाहेरून येणार, गोडाचं मी करणार. गेल्या उन्हाळ्यात एका कार्यक्रमाला लाकडी फळीवर फोटोत असतं तसं गोडाचं मोठं ताट मांडलं होतं: श्रीखंड, मलाई बर्फी, गुलाबजाम, चॉकलेटं, कलिंगड आणि हापूसच्या फोडी. अर्ध्या तासात श्रीखंड पातळ झालं, कलिंगडाचं पाणी बर्फीखाली गेलं आणि चॉकलेटं बोटांना चिकटायला लागली. या वेळी तसं व्हायला नको. शिवाय बाबांना मधुमेह आहे. काय ठेवू, किती ठेवू आणि कसं मांडू?
(एक वाचक, नाशिक)

तुमच्या ताटातला एकही पदार्थ बिघडलेला नव्हता. शेजार चुकला होता आणि वेळ चुकली होती.

कलिंगडापासून सुरुवात करू. ते कापल्याबरोबर पाणी सोडतं, आणि गोड पदार्थाला टेकलं की जास्तच सोडतं, कारण साखर पाणी ओढून घेते. बर्फीने ते पाणी खालून प्यायलं, म्हणून ती वरून ठीक दिसत असतानाही उचलताना तुटली. श्रीखंडाचं दुखणं वेगळं. त्यातली साखर चक्क्याच्या अंगच्याच पाण्यात विरघळलेली असते आणि थंडीत ते सगळं आवळून धरलेलं असतं. हवा तापली की ती पकड सुटते. चॉकलेट 32 ते 34 अंशांना वितळतं आणि नाशिकचा मे दुपारी 38 च्या पुढे जातो. संध्याकाळी 7 ला हवा जरा उतरते, पण दिवसभर तापलेली गच्ची खालून ऊब देतच असते. गुलाबजाम पाकातला पदार्थ आहे. तो ताटात ठेवला की पाक वाट मिळेल तिकडे जाणार.

म्हणून पहिलं काम म्हणजे यादीची फाळणी. एका बाजूला गच्चीवर 3 तास सुखाने बसणारे पदार्थ, दुसऱ्या बाजूला बर्फावरच राहणारे. या दोन गटांचं एक ताट कधीही करू नका, फोटोत ते कितीही छान दिसत असलं तरी. फोटो काढायला 2 मिनिटं लागतात आणि तुम्हाला 3 तास काढायचे आहेत.

चॉकलेटं, मलाई बर्फी आणि गुलाबजाम या वेळी वगळा. मुलांसाठी चॉकलेटं हवीतच तर फ्रीजमध्ये ठेवा आणि निघताना हातात द्या. बर्फी खव्याची असते आणि खवा उन्हाळ्यात फार लवकर आंबतो. सकाळी घेतलेल्या बर्फीला संध्याकाळी किंचित आंबूस वास आला तर चाळीस माणसांत तो कोणाला तरी आल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या जागी आंब्याचंच ताट करा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आंबा स्वस्त झालेला असतो, आणि एकाच फळाचे चार पदार्थ चार पोतांचे झाले तर ताटाला आपोआप एक सूर लागतो.

माणशी हिशेब असा: आम्रखंड 55 ग्रॅम, आंबा-नारळाची एक वडी 20 ग्रॅम, सांदणाचा (तांदळाच्या रव्याचा वाफवलेला गोड पदार्थ) एक तुकडा 30 ग्रॅम, आंबापोळीची एक सुरळी आणि एक छोटा चिरोटा. सगळं मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. जेवणानंतर माणूस एवढंच खातो. त्याशिवाय फळं माणशी 80 ते 100 ग्रॅम. पेढा, जिलेबी, आइस्क्रीम असं पाचाचं आठ करायचा मोह होईल, तो आवरा. पदार्थ वाढले की प्रत्येकाचं थोडं थोडं उरतं आणि उरलेल्याचं करायचं काय हा रात्री 11 चा प्रश्न होतो.

आम्रखंडावरच सगळं ताट तोललेलं आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. 45 छोट्या मटक्यांसाठी अडीच किलो लागेल. त्याला 1 किलो 400 ग्रॅम चक्का, 700 ग्रॅम साखर आणि 400 ग्रॅम आटवलेला रस. चक्का घरी लावणार असाल तर म्हशीचं साधारण 4 लिटर दूध धरा. विरजण रात्री घालू नका. मेमध्ये दही 4-5 तासांत लागतं, रात्री घातलेलं सकाळपर्यंत आंबट होऊन बसतं. शुक्रवारी सकाळी विरजा, दुपारी दही लागलं की आधी तासभर फ्रीजमध्ये गार करा आणि मग पंचात बांधा. इथेच बहुतेकांचं श्रीखंड बिघडतं: पुरचुंडी नळाला किंवा खिडकीला टांगली जाते. तिशीच्या वरच्या हवेत ती रात्रभर टांगली की पाणी गळतं हे खरं, पण आंबणंही चालूच राहतं. मग तो आंबटपणा मारायला साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने श्रीखंड पातळ होतं. त्यापेक्षा चाळणीत पुरचुंडी ठेवा, खाली पातेलं, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेली बाटली, आणि हे सगळं फ्रीजमध्ये 10 ते 12 तास. चक्का तयार झाल्याची खूण म्हणजे पंचा उलगडल्यावर गोळा कापडापासून सोलल्यासारखा सुटतो आणि बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो.

रस आटवायला मध्यम आकाराचे 6 हापूस पुरतात. कच्चा रस सरळ चक्क्यात घालणं ही दुसरी नेहमीची चूक. रसात पाणीच जास्त असतं, ते घालून घट्टपणाची अपेक्षा कशी करणार? जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 15-20 मिनिटं ढवळत राहा. उलथन्याने कढईच्या तळाशी रेघ ओढली आणि ती दोन-तीन क्षण तशीच राहिली की गॅस बंद. 700 ग्रॅमचा रस 400 वर येतो. तो पूर्ण गार होऊ द्या. कोमट रसानेसुद्धा चक्क्यातला स्निग्धांश सुटतो आणि वर तेलकट तवंग दिसायला लागतो.

शनिवारी सकाळी चक्का आणि साखर एकत्र करून तासभर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. झाकण उघडल्यावर मिश्रण सैल दिसेल. घाबरू नका, साखर विरघळल्यावर ते सैल व्हायचंच. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा, मग रस, थोडी वेलची आणि चिमूटभर मीठ. केशर घालू नका. आंब्यापुढे त्याचा वास टिकत नाही, पैसे मात्र जातात. मग लगेच मटक्यांत भरून 5-6 तास गार करा, तेवढ्यात ते पुन्हा आवळून येतं. साखर मापाने घाला पण डोळे मिटून नको. चक्का गोडसर असेल तर 600 ग्रॅमवर थांबून चव घ्या. मात्र आंबट चक्क्याला साखरेने झाकायचा प्रयत्न करू नका, तसा चक्का कढीला वापरा आणि डेअरीतून नवा आणा.

मटक्या 60 मिलीच्या घ्या आणि भरण्याआधी 2 तास पाण्यात बुडवून ठेवा. कोरी माती श्रीखंडातलं पाणी शोषते, कडेला कोरडी पापडी धरते आणि मातीचा वासही उतरतो. भिजवून, पुसून, गार करून भरलेल्या मटकीला हे होत नाही. उलट तिच्या अंगातलं पाणी उडत असतं तोवर ती आतला पदार्थ जरा गारच ठेवते.

आता गच्चीवर बसणारे पदार्थ. वडीला 500 ग्रॅम खोवलेलं खोबरं (4 मोठे नारळ), 400 ग्रॅम साखर, 300 ग्रॅम रस. खोवताना पाठीचा काळा भाग येऊ देऊ नका, वडीचा रंग मळतो. तिन्ही एकत्र करून मध्यम आचेवर ठेवलं की आधी पातळ होईल, मग रटरटेल, आणि साधारण 25 मिनिटांनी कडा सोडून गोळा व्हायला लागेल. थोडं मिश्रण बशीत गार करून बोटांत वळून पाहा. गोळी झाली आणि बोटाला चिकटली नाही की तूप लावलेल्या ताटात थापा. 10 मिनिटांनी, कोमट असतानाच, सुरीने रेघा पाडा. गार झाल्यावर पाडलेल्या रेघा वाकड्या जातात आणि कोपरे तुटतात. वडी मऊच राहिली तर ती परत कढईत टाकून 5 मिनिटं परता. भुगा झाला तर 2-3 चमचे दूध घालून पुन्हा गरम करा आणि थापा. दोन्ही चुका दुरुस्त होतात, म्हणून वडी शुक्रवारी रात्रीच करा, शनिवारी नको. 45 वड्या होतील.

सांदण घाटावर फारसं होत नाही, म्हणून ते कदाचित तुमच्या डोक्यातही आलं नसेल. कोकणात बरक्या फणसाच्या रसाचं करतात, आंब्याचंही तितकंच चांगलं होतं. त्यात दूध नाही, खवा नाही, वितळणारं तूप नाही, म्हणून मेच्या ताटात ते सगळ्यांत भरवशाचं. इडलीचा रवा 340 ग्रॅम जरासा भाजून घ्या, त्यात रस 480 ग्रॅम, किसलेला गूळ 220 ग्रॅम, नारळाचं घट्ट दूध पाव लिटर, मीठ चिमूटभर. अर्धा तास भिजू द्या. रवा रस पिऊन घट्ट झाला तर नारळाचं दूध थोडं वाढवून इडलीच्या पिठाइतकं सरसरीत करा. फुगण्यासाठी चिमूटभर सोडा वाफवायच्या अगदी आधी घाला, आधी घातला तर त्याचा जोर भिजण्यातच जातो. तूप लावलेल्या थाळ्यांत बोटभर जाडीचं ओता आणि 15 ते 18 मिनिटं वाफवा. गरम असताना कापलं तर सुरीला गोंदासारखं चिकटतं. पूर्ण निवल्यावर ओल्या सुरीने तुकडे करा.

सांदण फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. तांदळाचा शिजलेला पदार्थ गारठला की ताठरतो आणि पुन्हा मऊ व्हायला वाफच लागते. दुसऱ्या बाजूने ओल्या नारळाचं असल्याने ते फार आधीही करता येत नाही. दुपारी 3 ला करा, 4 पर्यंत निववा, ओलसर फडक्याखाली घरात ठेवा आणि रात्री संपवा.

आंबापोळी विकतची घ्या, पाव किलो. बोटभर रुंद पट्ट्या कापून प्रत्येकीत एक भाजलेला काजू गुंडाळा. सुरळी सुटत असेल तर शेवटच्या टोकाला पाण्याचं बोट लावा, चिकटते. चिरोटेही बाहेरून आणा, फक्त बिनसाखरेचे मागा आणि पिठीसाखर वाढताना भुरभुरवा. आधी भुरभुरली तर ती ओलावा धरते. नाशिकची मेमधली हवा कोरडी असल्याने ते तीन तास कुरकुरीत राहतील. हेच ताट मुंबईत किंवा रत्नागिरीत मांडायचं असतं तर चिरोटे दहा-दहा करून बाहेर काढायला सांगितलं असतं. ताटाच्या कडेला खाऱ्या काजूंची एक वाटी असू द्या. एवढ्या गोडात जिभेला मधे खारट काही मिळालं की पुढचा घास चवीने जातो.

फळांचं पाहू. हापूसच्या फोडी ठेवायच्या तर फळ रसाला घेतो त्यापेक्षा एक दिवस कमी पिकलेलं निवडा. सालीला सुरकुती पडलेला हापूस रसाला उत्तम, पण त्याची फोड वाटीत बसता बसता लगदा होते. फोडींना केसर जातीचा आंबा जास्त धार्जिणा, तो आकार धरून राहतो. डझनामागे 2 फळं जास्तच आणा, कारण हापूसच्या पोटातला पांढरा साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. फोडींवर साखर, मीठ, चाट मसाला काही टाकू नका, तुमच्या कलिंगडाचीच गत होईल. कलिंगड हवंच असेल तर ताटात नको, एका पातेल्यावर चाळणी ठेवून तीत, म्हणजे पाणी खाली जाईल.

ताडगोळे 6-7 डझन सांगून ठेवा. बोटाने दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटतं तो कोवळा. कडक लागला तर जून झालाय, परत करा. साली संध्याकाळी 6 नंतरच काढा आणि सोललेले गार पाण्यात बुडवून ठेवा, उघड्यावर ते तासाभरात बुळबुळीत होतात. सोबत इगतपुरी-त्र्यंबककडची करवंदं, देठ काढून धुतलेली. द्राक्षं मेमध्ये शीतगृहातली मिळतात, नाशिककरांनी ती पाहुण्यांना देऊ नयेत असं आमचं मत.

मांडणीला लाकडी फळी नको. लाकूड रस पितं, डाग धरतं आणि धुऊन वाळायला दिवस घेतं. मोठ्या पराती घ्या आणि आत केळीचं पान. पान आचेवरून अलगद फिरवा, ते गडद हिरवं आणि लवचिक होतं. न शेकलेलं पान परातीच्या कडेला दुमडताना शिरेवर फाटतं आणि खालचा धातू उघडा पडतो. पुसून कोरडं करूनच वापरा.

एक भलीमोठी परात मांडू नका. सारख्या तीन परातींत वाटणी करा: एक गच्चीवर, दोन खाली घरात झाकून. साधारण 40 मिनिटांनी रिकामी होत आलेली परात खाली न्या आणि भरलेली वर आणा. निम्मं संपलेलं ताट फार केविलवाणं दिसतं, आणि नवीन परात आली की उठलेली माणसं परत बसतात. परातीत मधोमध सांदण, त्याच्या भोवती वड्या, बाहेरच्या कडेला कोरडे पदार्थ: आंबापोळी आणि चिरोटे. सांदण ओलसर असतं, त्याच्या आणि चिरोट्यांच्या मधे वड्यांची रांग हवीच. चिमटे दोन ठेवा. एकच असला की लोक बोटांनी घेतात.

आम्रखंड आणि आंब्याच्या फोडींसाठी वेगळी बर्फाची परात. गुरुवार-शुक्रवार दोन रात्री स्टीलच्या डब्यांत पाणी गोठवून 5 किलोच्या आसपास मोठे तुकडे जमवा. मोठा तुकडा हळू वितळतो, चुरा केलेला बर्फ पहिल्या तासातच पाणी होतो. खोल परातीत तीन वाट्या पालथ्या घाला, भोवती बर्फ आणि वाट्यांवर काठाची थाळी. वाट्या विसरलात तर बर्फ वितळल्यावर थाळी तरंगते, कलते आणि मटक्या पाण्यात जातात. बर्फात मीठ टाकू नका. ते कुल्फीला लागतं. इथे त्याने मटक्यांचा तळ गोठेल आणि वरचा भाग तसाच राहील. एका वेळी 15 मटक्याच वर आणा. 32 अंशांवरच्या हवेत दुधाचा पदार्थ एका तासाहून जास्त वेळ फ्रीजबाहेर नसावा, बर्फावर असला तरी हा हिशेब सोडू नका.

मेच्या संध्याकाळी दिव्याभोवती किडे जमतात. टेबल दिव्याखाली न लावता दिव्यापासून सहा-सात फूट बाजूला लावा आणि पराती जाळीने झाका. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. पंखा परातीवर सोडू नका, सांदणाला वरून कातडी धरते. आणि तिसऱ्या आठवड्यात वळीव कधीही येतो, तेव्हा खालच्या खोलीतलं एक टेबल आधीच रिकामं करून ठेवा.

बाबांचं ताट वेगळं वाढा, पण गुपचूप वाढू नका. आंबा फळ आहे म्हणून चालतो हा समज त्यांचाही असेल, पाहुण्यांचाही असेल आणि आग्रह करणारे तर असतातच. आंब्याची साखरही साखरच. त्यांच्यासाठी चार कोवळे ताडगोळे, मूठभर बदाम आणि सांदणाचा अर्धा तुकडा, तोही डॉक्टरांनी घालून दिलेल्या मापात बसत असेल तर. सगळ्यांच्या आम्रखंडातली साखर त्यांच्यासाठी निम्मी करू नका. ती नुसती गोडीसाठी नसते, पोत आणि टिकणंही तिच्यावर आहे. निम्म्या साखरेचं आम्रखंड आंबट लागेल आणि त्यांना ते तरीही चालणार नाही.

रात्री आवरताना बर्फावरून उरलेल्या मटक्या फ्रीजमधल्या भरलेल्या मटक्यांत मिसळू नका, वर गेलेल्या तिथल्या तिथे संपवा किंवा टाका. वड्या आणि आंबापोळी डब्यात घाला आणि जाणाऱ्यांच्या हातात द्या. सांदण उरलंच तर रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी 5 मिनिटं वाफ द्या आणि नारळाच्या दुधाबरोबर न्याहारीला खा. ते ताठरलेलं असेल, वाफेने पुन्हा मऊ होतं.